इंग्रजी अर्जातील छोटी खूण : 'अपॉस्ट्रॉफी'

बारामतीच्या भिगवण रस्त्याने किंवा इंदापूरच्या बाजारपेठेतून दुकानांच्या पाट्या वाचत चालले, तर इंग्रजी अक्षरांच्या डोक्यावर लटकणारा एक स्वल्पविराम जागोजागी दिसतो. कुठे तो नको तिथे असतो, कुठे हवा तिथे नसतो. त्याचे नाव 'अपॉस्ट्रॉफी'. पाटीवर तो चुकला म्हणून दुकान बंद पडत नाही. पण आपली मुले-मुली एम.आय.डी.सी.त, बँकेत, महाविद्यालयात इंग्रजीतून अर्ज करतात. अर्ज वाचणाऱ्याने त्यांची हुशारी पाहिलेली नसते. त्याच्यापुढे फक्त कागद असतो. म्हणून ही खूण घरातील सर्वांनी एकदा नीट समजून घ्यावी, असे आम्हास वाटते.

सुटीच्या दिवशी वस्तीतील मुलांचे अर्ज आम्ही तपासून देतो. एका हुशार मुलीने अर्जातील प्रत्येक शेवटच्या 'एस'वर ही खूण दिली होती. विचारले तर म्हणाली, "काका, इंग्रजीत अशीच असते ना? शोभून दिसते." दोष तिचा नाही. ही खूण शोभेची नसून कामाची आहे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

खूण आली कुठून?

सोळाव्या शतकात ही खूण फ्रेंचमधून इंग्रजीत आली. तिचे मूळ काम एकच : 'इथले अक्षर गळाले आहे' हे सांगणे. 'डू नॉट'चे बोलताना 'डोन्ट' झाले. 'नॉट'मधला 'ओ' गळाला, म्हणून 'एन' आणि 'टी' यांच्या मध्ये खूण आली. मालकी दाखवणाऱ्या 'एस'चेही तसेच. जुन्या इंग्रजीत पुष्कळ नामांना मालकीसाठी 'ई-एस' असा प्रत्यय लागे. पुढे 'ई' गळाला आणि खूण राहिली. आपण मराठीत चा, ची, चे लावतो, तेच हे काम. कोणत्याही फॉर्मवरचे 'फादर्स नेम', 'मदर्स नेम' पाहा.

तीन नियम

पहिला नियम मालकीचा. मालक एक असेल तर खूण 'एस'च्या आधी. मालक अनेक असतील आणि शब्दाच्या शेवटी 'एस' आधीच असेल, तर खूण 'एस'च्या नंतर. कारकुनी करताना रजेचे अर्ज आमच्या टेबलावर नेहमी येतात. सर्वांत जास्त घोटाळा तिथेच. 'वन डेज लीव्ह' लिहिताना खूण 'एस'च्या आधी येते, कारण दिवस एक आहे. 'टू डेज लीव्ह' लिहिताना ती 'एस'च्या नंतर जाते. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस ठरवला. इंग्रजीत 'स्टुडंट्स डे' लिहिताना खूण 'एस'च्या नंतर द्यावी, कारण तो एका विद्यार्थ्याचा नव्हे, सर्वांचा दिवस आहे. मात्र 'मेन', 'विमेन', 'चिल्ड्रन', 'पीपल' या शब्दांत 'एस' नसतानाच अनेकवचन असते. तिथे खूण 'एस'च्या आधीच. बाबासाहेबांनी १९४५ साली स्थापन केलेल्या 'पीपल्स एज्युकेशन सोसायटी'चे नाव लक्षात ठेवावे.

दुसरा नियम : नुसते अनेकवचन असेल तर खूण नाही. टायर्स, टेलर्स, फोटोज, सर्टिफिकेट्स यांपैकी कोणालाही ती लागत नाही. बाबासाहेबांच्या 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधाच्या नावात किंवा 'हू वेअर द शूद्राज' या १९४६ सालच्या ग्रंथाच्या नावात ती नाही. पाटीवर 'मेन्स वेअर'ला खूण हवी, 'मोबाईल्स'ला नको.

तिसरा नियम सर्वांत अवघड, आणि तो मराठीतून चटकन कळतो. आपण 'रामचा' म्हणतो, पण 'मीचा' म्हणत नाही, 'माझा' म्हणतो. सर्वनामाचे रूप तयारच असते. इंग्रजीतही 'हिज', 'हर्स', 'युअर्स' आणि 'त्याचा' या अर्थाचे 'इट्स' ही तयार रूपे आहेत. त्यांना खूण नाही. खूण असलेले 'इट्स' म्हणजे 'इट इज' किंवा 'इट हॅज'. लिहून झाल्यावर त्या जागी 'इट इज' वाचून पाहावे. अर्थ जुळला तर खूण ठेवावी, न जुळला तर 'इट हॅज' वाचावे, तेही न जुळले तर काढावी. रुपयाच्या प्रश्नावरील बाबासाहेबांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या नावात 'इट्स ओरिजिन अँड इट्स सोल्यूशन' असे आहे. 'इट्स' दोनदा, आणि दोन्ही वेळा खूण नाही. हे एक नाव पाठ केले तरी हा नियम विसरणार नाही. मोबाईल स्वतःहून खूण घालतो, त्यावर विसंबू नये.

चुकणाऱ्याला हसू नये

ज्यांची ही भाषा, तेही चुकतात. लंडनच्या भुयारी रेल्वेत 'अर्ल्स कोर्ट' स्टेशनच्या नावात खूण आहे, तर जवळच्याच 'बॅरन्स कोर्ट'मध्ये नाही. जॉन रिचर्ड्स या निवृत्त पत्रकाराने इंग्लंडमध्ये २००१ साली ही खूण वाचवण्यासाठी संस्थाच काढली होती. २०१९ साली त्यांनी हार मानून ती बंद केल्याचे जाहीर केले. तेव्हा आपल्या मुलांनी लाज धरू नये आणि शिकलेल्यांनी कोणाच्या चुकीला हसू नये. हसण्याने मूल लिहायचेच थांबते.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधीच्या आई-वडिलांना ते पाचवीत भेटले, कित्येकांना भेटलेच नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत इंग्रजी पहिलीत नाव घातलेल्या भीमरावांनी पुढे त्याच भाषेत जगाला आपले म्हणणे ऐकवले. आपल्या घरातील अर्जही नीट लिहिलेला असावा. पाठवण्याआधी तो एकदा मोठ्याने वाचावा, प्रत्येक खुणेवर बोट ठेवावे आणि विचारावे : इथे अक्षर गळाले आहे का? इथे कोणाची मालकी आहे का? दोन्ही नसेल तर खूण खोडावी.