तिथीची पाऊणपट

उलव्याला जायचं ठरवलंत तर आधी लोकलचं वेळापत्रक पाहू नका, भिंतीवरचं पंचांग पाहा. ज्या दिवशी जायचं त्या दिवशी तिथी कोणती, ते बघा आणि त्या आकड्याची पाऊणपट करा. येईल तो आकडा म्हणजे खाडीला पूर्ण भरती येण्याची वेळ. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा, द्वादशी असेल तर नऊ. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब बदलत नाही. पहाटे तीन म्हणजेच दुपारीही तीन, कारण भरती दिवसातून दोनदा येते. कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या मासेमारी करणाऱ्यांचं हे तोंडी गणित आहे. पनवेलच्या खाडीकाठी विमानतळाला खेटून उभ्या राहिलेल्या या सिमेंटच्या नगरात आजही ते लागू पडतं, कारण इथे पाहण्यासारखं जे आहे ते घड्याळ पाळत नाही.

गणित बरोबर का येतं? चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सरासरी पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो आणि भरतीही त्याच्यामागून तितकीच रेंगाळते. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंतच्या पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास पुढे सरकते. बारा तासांना पंधराने भागलं की एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं येतात. आपल्या लोकांनी पाऊण तास धरला आणि वरची तीन मिनिटं सोडून दिली. पंधरवड्याच्या शेवटी त्या सोडलेल्या मिनिटांचा पाऊण तास होतो, पण होडी पाण्यात लोटायला तेवढी चूक चालते. सोय अशी की मुंबई बंदरात अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणून मोजणी जवळजवळ शून्यापासून सुरू होते. बंदर बदललं की वेळ सरकते. खंबाताच्या आखातात हा हिशेब घेऊन गेलात तर फसाल. आत खाडीत पाणी पोचायलाही जरा उशीर लागतो. तेव्हा अंदाज पंचांगाने बांधा आणि निघण्यापूर्वी भरतीचं छापील कोष्टक एकदा बघून घ्या.

भरती केव्हा येते यापेक्षाही ती किती येते, ही गोष्ट मला जास्त चकित करते. समुद्र तोच, अरबी. कोचीला पाणी जेमतेम मीटरभर चढतं-उतरतं. गोव्यात दोनेक मीटर. मुंबईत मोठ्या उधाणाला पाच मीटरपर्यंत. आणि खंबाताच्या आखातात, भावनगरच्या बाजूला, दहा मीटरच्याही वर. उत्तरेकडे जावं तसा समुद्राचा उथळ तळ रुंद होत जातो, पुढे आखात निमुळतं होतं आणि आत शिरलेल्या पाण्याला वर चढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आता हे पाच मीटर उभ्या कड्यावर चढले-उतरले तर ओल्या दगडाचा एक पट्टा तेवढा दिसेल. पण ठाणे आणि पनवेलच्या खाड्यांचा काठ इतका सपाट आहे की पाणी थोडं खाली गेलं तरी चिखलाचं मैदान दूरवर उघडं पडतं. दिवसातून दोनदा झाकलं जाणारं आणि दोनदा उघडणारं हे मैदान म्हणजे इथल्या पक्ष्यांचं ताट. रत्नागिरीच्या कातळी किनाऱ्यावर फ्लेमिंगोंचे इथल्यासारखे थवे का दिसत नाहीत, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

उरलेलं निम्मं चिखलात आहे. वरून काळपट आणि वासाला नकोसा वाटणारा हा गाळ सूक्ष्म शैवालांनी भरलेला असतो. शहरांचं सांडपाणी खाडीत येतं, त्यातल्या पोषक द्रव्यांवर शैवाल पोसतं आणि शैवालावर फ्लेमिंगो, अशी साखळी अभ्यासक मांडतात. कौतुक कुणाचं करायचं हा प्रश्नच आहे. ठाण्याच्या खाडीत हे पक्षी मोठ्या संख्येने यायला लागले ते गेल्या शतकाच्या अखेरीस. आता भर हंगामात ही संख्या लाखाच्या वर जाते. 2015 मध्ये खाडीचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, 2022 मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळाला.

यातले बहुतेक पक्षी धाकट्या जातीचे, कमरेएवढे, गडद किरमिजी चोचीचे. अधूनमधून फिकट गुलाबी चोचीचा, उंच मानेचा थोरला दिसतो. दोघंही मान खाली घालून चोच उलटी धरतात, म्हणजे वरचा जबडा तळाला आणि खालचा वर. आपला वरचा जबडा कवटीला जखडलेला असतो, त्यांचा हलतो. जाड, मांसल जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागेपुढे होते, पाणी आत ओढते, बाहेर ढकलते आणि चोचीच्या कडेच्या बारीक झालरीत शैवाल अडकून राहतं. धाकट्या जातीत ही हालचाल सेकंदाला वीस वेळांपर्यंत होते. 2025 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी चिलीच्या फ्लेमिंगोंचं निरीक्षण करून दाखवलं की हे पक्षी पायांच्या थापांनी आणि डोकं झटक्यात वर खेचून पाण्यात छोटे भोवरे तयार करतात आणि त्या भोवऱ्यांत भक्ष्य गोळा करतात. चिखलात संथपणे फिरणारा पक्षी प्रत्यक्षात एवढी यंत्रणा चालवत असतो. गुलाबी रंगही या अन्नातूनच येतो. पिल्लं करड्या रंगाची जन्मतात.

आणि एका पायावरचं उभं राहणं? 2017 मध्ये अटलांटाच्या दोन शास्त्रज्ञांनी मेलेले फ्लेमिंगो उभे करून पाहिले. एका पायावर ते आपसूक स्थिर राहिले, दोन पायांवर राहिले नाहीत. सांध्यांची रचनाच अशी की शरीराचं वजन पायावर नीट आलं की तो जागीच पक्का होतो, स्नायूंना फारसं काम उरत नाही. पाय दुखेल म्हणून आपण हळहळतो, तर पक्षी विश्रांती घेत असतो.

आता मुक्कामाच्या प्रश्नाकडे येऊ. ओहोटीला, म्हणजे इकडच्या बोलीत सुकतीला, हे सगळे पक्षी खाडीच्या चिखलावर पांगतात. किनाऱ्यावरून दूर गुलाबी रेघ दिसते, बस. भरती चढू लागली की चिखल बुडतो आणि पक्ष्यांना उभं राहायला दुसरी जागा लागते, अशी की जिथे पाणी घोट्याएवढंच राहील. या जागा म्हणजे काठावरची तळी आणि पाणथळी: नेरूळला टी. एस. चाणक्य या नौकानयन संस्थेमागची, सीवूड्सचा डीपीएस तलाव, उरणकडची पाणजे. पाहुण्याने जायचं ते तिथे, भरतीच्या तास-दीड तास आधी. दूरबीण नसली तरी चालेल इतक्या जवळ ते उतरतात. सकाळी नवाच्या सुमारास भरती हवी असेल तर एकादशी-द्वादशी गाठा. अष्टमीच्या आगेमागे जाऊ नका, तेव्हा भांगाची भरती असते, पाणी पुरेसं चढत नाही आणि चिखल पुरता बुडाला नाही तर पक्ष्यांना खाडी सोडायचं कारणच उरत नाही.

म्हणजे एका पक्ष्याला दोन घरं लागतात. हे न कळल्याने किंवा कळूनही न पाळल्याने काय होतं ते 2024 च्या उन्हाळ्यात दिसलं. डीपीएस तलावात खाडीचं पाणी येण्याचे मार्ग अडले, तलाव आटला आणि त्या परिसरात फ्लेमिंगो मरून पडले. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरवर दुबईहून येणाऱ्या विमानाला थवा धडकला आणि चाळीसच्या आसपास पक्षी ठार झाले. पुढच्या वर्षी डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय राज्याने घेतला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांचं म्हणणं सरळ होतं: काठावरची तळी बुजवलीत तर पक्षी नाहीसे होणार नाहीत, ते भरतीच्या वेळी दुसरी मोकळी सपाट जागा शोधतील, आणि इथली सगळ्यात मोठी मोकळी सपाट जागा विमानतळ आहे.

त्या सपाटीसाठीच तर उलव्याची नव्वदेक मीटर उंचीची टेकडी सुरुंगांनी फोडली गेली. तिचाच दगड खालच्या दलदलीत भराव म्हणून गेला, उलवे नदीचं पात्र वळवलं गेलं, दहा गावं उठली. त्यांत मूळ उलवेही होतं. जमीन भरतीच्या पातळीच्या वर उचलल्याशिवाय इथे धावपट्टी होणं शक्य नव्हतं. विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं, 25 डिसेंबरपासून उड्डाणं सुरू झाली. उलव्याच्या गच्चीवरून विमानं अगदी जवळून दिसतात आणि लोक मुलांना घेऊन ती बघायला चढतात. मला त्यात काही गैर वाटत नाही. फक्त त्याच गच्चीवरून दुसऱ्या बाजूलाही मान वळवावी.

नेरूळ किंवा बेलापूरहून उरणची लोकल पकडा. खारकोपरपर्यंतचा टप्पा 11 नोव्हेंबर 2018 ला सुरू झाला आणि 12 जानेवारी 2024 ला गाडी थेट उरणला पोचली. गाड्या थोड्या आहेत, एक चुकली तर फलाटावर बराच वेळ काढावा लागतो. पण पनवेल खाडीवरच्या पुलाची ती दोन-चार मिनिटं डब्यातल्या मोबाइलवाल्यांनाही मान वर करायला लावतात. सुकती असेल तर रुळांच्या दोन्ही अंगांना चिखल, त्यावर बगळे, शेराटी, आणि मागे खारफुटीची हिरवी भिंत. बामणडोंगरी किंवा खारकोपरला उतरून रिक्षाने मोरावे किंवा न्हाव्याच्या खाडीकाठी जाता येतं.

तिथे तिवराचं झाड जवळून बघा. त्याच्या भोवती चिखलातून बोटभर जाडीची, टोकदार मुळं सरळ वर आलेली असतात, शेकड्यांनी. गाळात प्राणवायू नसतो म्हणून झाड मुळांनी हवेत श्वास घेतं. एखादं पान चाटून पाहा, खारट लागेल. मुळांतून आलेलं जादा मीठ ते पानांवाटे बाहेर टाकतं. मुळांच्या मधे निवट्या उड्या मारताना दिसतील. हा मासाच, पण सुकतीला पाण्याबाहेर राहतो, पुढच्या परांवर रांगतो, ओल्या कातडीतून श्वास घेतो आणि कल्ल्यांत पाण्याचा साठा धरून ठेवतो. आगरी-कोळी घरांत त्याचं झणझणीत कालवण होतं, ते मिळालं तर सोडू नका. चिखलात मात्र उतरू नका. दिसायला घट्ट वाटतो आणि गुडघ्यापर्यंत गिळतो. याच खारफुटीत सोनेरी कोल्हे राहतात. दिवसा सहसा दिसत नाहीत, पण अंधार पडल्यावर इमारतींच्या कडेने त्यांची कोल्हेकुई ऐकू आली तर दचकू नका.

उरणकडे आणखी पुढे गेलात तर मिठागरं आणि पाणथळींत लांब तांबड्या पायांचे शेकाटे, चिखल्या, तुतवार, चित्रबलाक भेटतात. यातले मूठभर वजनाचे काही पाहुणे मध्य आशियातून आणि सायबेरियातून आलेले असतात. पाणजेच्या पाण्यावरून वाद चालू आहे, भरतीचं पाणी आत येऊ द्यायचं की नाही यावरून, त्यामुळे जाण्याआधी तिथे पाणी आहे ना, याची चौकशी करा.

गाडी असेल तर अटल सेतूवरून शिवडी अर्ध्या तासाच्या आत येते. दुचाकी आणि रिक्षांना सेतूवर बंदी आहे. शिवडीच्या चिखलावर पक्षी उतरतात म्हणून त्या टप्प्यावर ध्वनिरोधक भिंती बसवल्या आहेत. पाण्यातून पाहायचं असेल तर ऐरोलीला वनखात्याच्या केंद्रातून होडी सुटते, तिची वेळही भरतीच ठरवते. घारापुरीला जोडून जाणार असाल तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात.

हंगाम साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत. मग एके रात्री थवे उठतात; प्रवास ते रात्रीच करतात. 2022 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ठाणे खाडीतल्या सहा फ्लेमिंगोंच्या अंगावर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवली आणि ते गुजरातेत जात असल्याचं नकाशावर उमटलं. पक्ष्यांना नावंही दिली होती: एक सलीम, एक हुमायून, एक खेंगारजी. हे शेवटचं नाव कच्छच्या महाराव खेंगारजी तिसऱ्यांवरून. रणातल्या फ्लेमिंगोंच्या वसाहतीची पहिली नोंद 1893 मध्ये त्यांनी केली होती. तिथे पावसाच्या पाण्यात चिखलाचे बुटके बुरूज बांधून त्यावर हे पक्षी एकेकच अंडं घालतात.

जूनमध्ये आलात तर खाडीला वर्षातली मोठमोठी उधाणं असतात आणि फ्लेमिंगो जवळपास नसतात. तेव्हा पनवेलच्या पुढे कर्नाळ्याला जा. 1968 पासूनचं ते पक्षी अभयारण्य आहे, डोंगरावरच्या अंगठ्यासारख्या सुळक्याखाली. तिथल्या स्वर्गीय नर्तकाला भरती-ओहोटीशी कर्तव्य नाही, त्यामुळे पंचांग घरी ठेवलंत तरी चालेल.