माथेरानला बिऱ्हाड करावे काय?

दरवर्षी मे महिना सरता सरता आमच्या डोंबिवलीत एक साथ येते. आठ दिवस माथेरानला राहून आलेले कुटुंब नेरळला लोकलमध्ये बसते आणि कल्याण येईपर्यंत सर्वांचे एकमत होते, की इथला हा धबडगा सोडून आपण वरच कायमचे राहायला जावे. हा निश्चय बहुधा स्टेशनच्या जिन्यावरच विरून जातो. आमच्या घरी तो विरला नाही, कारण त्यामागे अण्णांचा दमा होता.

अण्णा म्हणजे माझे वडील, वय अठ्ठ्याहत्तर. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६ च्या आणि पुन्हा २०२४ च्या मे महिन्यात मोठे स्फोट झाले. दुसऱ्या खेपेस आमच्या खिडक्यांची तावदाने थरथरली आणि त्या रात्री आमची सौभाग्यवती म्हणाली, "अहो, अण्णांना इथं ठेवणं आता बरं नव्हे." तेव्हा आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तोच जमाखर्च वाचकांपुढे ठेवतो.

जमेची बाजू सर्वांना ठाऊकच आहे. आठशे मीटरांची उंची, दाट झाडी, तांबड्या मातीची वाट आणि दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना मज्जाव. २००३ साली केंद्र सरकारने तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला, त्यामुळे समोरच्या झाडीत उद्या वीस मजली इमारत उठेल ही धास्ती नाही.

आता खर्चाची बाजू. मुळात माथेरान हे पाहुण्यांसाठी वसलेले गाव. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी ही जागा हेरली आणि पुढे ती मुंबईकरांची उन्हाळा काढण्याची जागा झाली. १९०७ साली पीरभॉय पितापुत्रांनी दोन फुटी रुळांची आगगाडी वर नेली, तीही या हवा खाणाऱ्या मंडळींच्या सोयीची. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी ही गाडी नेमाने बंद असते. अमन लॉज ते माथेरान एवढाच शेवटचा तुकडा चालतो. २००५ च्या जुलैत मार्ग वाहून गेला. २०१९ च्या पावसाने पुन्हा तेच केले, तेव्हा नेरळपासूनची वाट पूर्ण खुली व्हायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. पाहुण्याचे यात काही अडत नाही. तो टॅक्सीने येईल. पण मला ठाण्याच्या कॉलेजात सकाळच्या तासाला उभे राहायचे असते. दस्तुरीपर्यंत अडीच-तीन किलोमीटरांची चाल, मग घाट, मग तासाभराहून अधिक लोकल! निवृत्तीला अजून बारा वर्षे आहेत.

बरे, नोकरीचे काहीतरी जमवू म्हटले, तरी पाऊस उरतोच. तिथे वर्षाकाठी सुमारे दोनशे इंच पाऊस पडतो, म्हणजे आमच्या डोंबिवलीच्या जवळजवळ दुप्पट. त्याची परीक्षा घ्यावी म्हणून गेल्या जुलैत आम्ही सारे आठवडाभर वर राहून आलो. धुके खिडकीतून आत येऊन पलंगावर बसे. मिठाचे पाणी झाले, धुतलेली चादर पाच दिवस वाळली नाही. ज्यांच्या छातीसाठी हा खटाटोप, त्या अण्णांनी दोन रात्री उशीला टेकून बसून काढल्या. गावात दवाखाना आहे, रुग्णवाहिकेला दस्तुरीच्या पुढे मुभाही आहे. परंतु मोठ्या इस्पितळासाठी घाट उतरावाच लागतो. त्या दोन रात्री मी पावसाचा आवाज ऐकत हाच हिशेब करीत होतो. इथे डोंबिवलीत आमचे डॉक्टर दोन इमारती टाकून राहतात.

आणखी एक रकाना आम्ही आधी आखलाच नव्हता. ज्या शांततेवर आपण भाळतो, ती कोणाच्या तरी खांद्यावरून वर येते. मोटार नाही, म्हणजे भाजी, सिमेंट, गॅसची टाकी हे सारे घोड्याच्या पाठीवर, हातगाडीवर नाहीतर माणसाच्या डोक्यावर. माणसे ओढीत ती हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करावी, असा आदेश २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. तिच्या जागी विजेवरच्या रिक्षा आणण्यास सांगितले. तो वाचताना मला वाटले, अण्णांना दस्तुरीहून घरी न्यायचे तर आपणही कोणाला तरी जुंपलेच असते.

आम्ही राहिलो होतो तिथल्या दुकानदाराला मी मनातला बेत सांगितला. तो हसला. "सर, मे महिन्यात माथेरान सगळ्यांचं. जुलैत फक्त आमचं. माझी दोन्ही पोरं शिकायला खालीच आहेत." २००१ च्या जनगणनेत या गावची वस्ती पाच हजारांवर होती, २०११ मध्ये ती साडेचार हजारांच्या आत आली. जन्माने तिथली असलेली माणसे खाली उतरत असताना आपण वर चढावे, याला काही कारण हवे.

शेवटचे मत अण्णांचे घेतले. ते म्हणाले, "हवा चांगली आहे रे. पण बोलायचं कोणाशी?" कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून चालू आहे, अण्णा आजही महिन्यातून दोनदा तिथे जातात. दिवाळीच्या पहाटे फडके रस्त्यावर नटूनथटून लोटलेली तरुण गर्दी पाहायला तर ते काठी टेकीत हजर असतात. ही माणसे कोणत्याही पॉइंटवरून दिसत नाहीत.

तेव्हा आम्ही मधला मार्ग काढला. औद्योगिक वसाहतीजवळचे घर सोडून स्टेशनपलीकडे पश्चिमेला भाड्याने जागा घेतली. भाडे खिशाला जड जाते, स्वयंपाकघर लहान झाले, म्हणून सौभाग्यवती अधूनमधून कुरकुरते. अण्णांना धूर अगदीच लागत नाही असे नव्हे; पण कमी लागतो. डिसेंबरात मात्र त्यांना पंधरा दिवस माथेरानला न्यायचे ठरले आहे.

ज्यांचा बेत अजून पक्का आहे, त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते: घर विकण्यापूर्वी एक आठवडा जुलैत वर राहा, आणि घरातले सर्वांत म्हातारे माणूस सोबत न्या. मेमधले आठ दिवस त्या हिशेबात धरू नका.