चुकीच्या टेबलावरची बाटली

मिलोश फोर्मनचा ‘लास्की येद्ने प्लावोव्लास्की’ (१९६५) पहिल्यांदा पाहिला, तेव्हा नाचाच्या हॉलमधल्या बाटलीच्या प्रसंगाला मी खळखळून हसले होते. सोनेरी केसांच्या मुलीच्या प्रेमांची ही चेक गोष्ट त्यानंतर कितीदा पाहिली. हसू मात्र दर वेळी कमी होत गेलं.

तीन राखीव सैनिक समोरच्या टेबलावरच्या तीन तरुण मुलींना वाइनची बाटली पाठवतात. त्यातला एक तर बोटातली लग्नाची अंगठी काढायला जातो आणि ती घरंगळत नाचणाऱ्यांच्या पायांत जाते. वेटर बाटली ठेवतो भलत्याच टेबलावर. तिथे बसलेल्या तिघी दिसायला बेताच्या. कुणीतरी आपल्याला बाटली पाठवली, एवढ्यानेच त्यांचे चेहरे उजळतात. मग वेटर परत येतो, बाटली उचलतो आणि पलीकडे नेऊन ठेवतो.

चित्रपटात कोणाला जागा मिळाली आणि कोणाला नाही, ही चर्चा हल्ली फार होते. या चित्रपटाबाबत ती मला याच टेबलापासून सुरू करावीशी वाटते.

चित्रपट घडतो ते साझावा नदीकाठचं झ्रुच हे गाव बाटाने वाढवलेलं. हो, आपल्या शाळेच्या बुटांचा बाटा. युद्धानंतर कारखाना सरकारी झाला आणि बूट शिवणाऱ्या मुलींची वसतिगृहं भरली. चित्रपटातला हिशोब सोळा मुलींमागे एक मुलगा असा आहे. तोल साधावा म्हणून कारखान्याचा व्यवस्थापक सैनिक पाठवण्यासाठी लष्कराला गळ घालतो, आणि रेल्वेतून उतरतात ते पोट सुटलेले संसारी पुरुष. नियोजनाच्या कागदावर बाई म्हणजे एक आकडा होती. फोर्मनने तिला चेहरा दिला. कथेचं बीजही त्याला अशाच एका मुलीकडून मिळालं. वार्न्सडॉर्फ या कापडगिरण्यांच्या गावाहून ती प्रियकराला शोधत प्रागला आली होती. त्याने दिलेला पत्ता खोटा निघाला. रात्री सूटकेस घेऊन भटकणारी ती फोर्मनला भेटली.

चित्रपटाची नायिका आंदुला (हाना ब्रेइखोवा) खऱ्या पत्त्यावर पोचते, पण तिथे भेटते तिच्या प्रियकराची, मिल्दाची, आई. ही आई झालेली मिलादा येझ्कोवा नटी नव्हती. हौशी माणसांच्या हाती फोर्मन पटकथा देतच नसे, आणि म्हणून ही आई बोलते ती थेट स्वयंपाकघरातली भाषा: कोण ही, कुठून आली, शेजारी काय म्हणतील. रात्री आई, बाप आणि मुलगा एकाच पलंगावर कुरबुरत पडतात आणि आंदुला दाराबाहेर रडते. साठीकडे झुकलेली कामकरी बाई, ना देवी ना खलनायिका, पडद्यावर इतकी ऐसपैस मला दुसरीकडे क्वचितच भेटली.

मात्र शीर्षक ज्या मुलीच्या केसांवरून आहे, तिला संवाद फार थोडे. वसतिगृहाच्या सभेत मुलींच्या अब्रूवर मतदानही होतं. तिथेही आंदुला ऐकणारीच. हे मला खटकतं. तिचं गप्प राहणं खरं आहे हे मान्य करूनही खटकतं.

दुसरी उणीव मोठी आहे. याच १९६५ साली चेकोस्लोव्हाक सरकारने रोमा (जिप्सी) लोकांच्या वस्त्या मोडून त्यांना देशभर विखरून टाकायचा ठराव केला. त्याआधी, १९५८ च्या कायद्याने, त्यांची भटकंती बंद झालीच होती. फोर्मनच्या हॉलमध्ये, कारखान्यात, वसतिगृहात रोमा म्हणून कोणी समोर येत नाही. एका प्रेमकथेने सगळा देश दाखवावा असं मी म्हणणार नाही. पण या चित्रपटाला ‘समाजाचा आरसा’ म्हणणाऱ्यांनी आरशाची चौकटही मोजावी. वर्ग, वय आणि रूप यांबाबत तो आजच्या कित्येक चित्रपटांपेक्षा उदार आहे, वंशाबाबत नाही.

पुन्हा पाहाल तेव्हा बाटली उचलली गेल्यावर नजर तिच्यामागे नेऊ नका. त्या तिघींच्या टेबलावरच थांबा.