साठ दिवस आधी ठरलेले जेवण

आपल्या बेळगावात बाहेर जेवायला जाताना टेबल राखून ठेवायची पद्धत फारशी नाही. रविवारी रात्री जायचे, ताकाची वाटी तोंडाला लावलेले कुटुंब हेरायचे आणि त्यांच्या खुर्च्यांमागे उभे राहायचे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात, ऑर्लँडोजवळ १९७१ साली सुरू झालेल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये मात्र कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे जेवायचे हे दोन महिने आधी ठरवता येते. नावाजलेल्या ठिकाणी तर ते ठरवावेच लागते. धाकटे भावजी अटलांटाला नोकरीला आहेत, म्हणून २०२४ च्या जूनमध्ये आम्ही तिकडे गेलो. हल्ली गल्लीगल्लीतून कोणी ना कोणी मुलाकडे, लेकीकडे जाऊन येतात. त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून हा हिशेब.

नियम असा, की टेबलाचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. (२०२० पूर्वी हीच मुदत १८० दिवसांची होती!) डिस्नेच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्कामाच्या पहिल्या दिवसापासून ६० दिवस मागे मोजून, त्या एकाच दिवशी पुढच्या दहा दिवसांपर्यंतची सगळी टेबले घेता येतात. आमचा मुक्काम १० जूनपासून, म्हणजे आमचा दिवस ११ एप्रिल. तिकडच्या सकाळी सहाच्या सुमारास आरक्षण सुरू होते. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेतीन. भावजी तिकडे चहाचा कप घेऊन संगणकापुढे आणि आम्ही इकडे फोनवर. ज्या टेबलाला जास्त मागणी, ते मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांत मागावे. कारण बाहेर उतरणाऱ्यांसाठी त्या तारखा अजून खुल्या झालेल्या नसतात, म्हणून स्पर्धा कमी.

पण खरा प्रश्न होता तो किती टेबले घ्यायची आणि कोणत्या वेळेची. भावजींचे म्हणणे, रोजची तिन्ही जेवणे ठरवून टाकू. आमच्या घरचे म्हणाले, एकही नको, भूक लागेल तिथे खाऊ. सासूबाईंना मधुमेह, जेवणाआधी इन्सुलिन घ्यावे लागते. ते घेऊन तासभर रांगेत ताटकळणे धोक्याचे. आणि दिवसाला तीन टेबले म्हणजे मुलांनी पाळण्याच्या रांगेतून अर्ध्यावर बाहेर पडायचे. शेवटी दिवसाला एकच टेबल असे ठरले आणि ते सासूबाईंच्या घड्याळाप्रमाणे. त्या गप्प बसून ऐकत होत्या. एवढेच म्हणाल्या, "माझ्यापायी पोरांचा खेळ मोडू नका गं."

जूनमध्ये तिकडे दुपारी ऊन मी म्हणते आणि बरेचदा गडगडाटी पाऊस येतो. तेव्हा बसून जेवायचे ते दुपारीच, थंड हवेत. न्याहारी खोलीवर. इतर वेळी मोबाईलवर आधी सांगून काउंटरवरून घेता येते, त्याला आरक्षण लागत नाही. एका ठिकाणाहून दुसरीकडे बसने जायचे असेल तर तास-दीड तास हाताशी ठेवावा; नकाशात ते जवळ दिसते.

वेळ निवडण्यात एकदाच चैन केली. अॅनिमल किंगडम लॉजमध्ये 'सना' नावाचे उपाहारगृह आहे. आफ्रिकी स्वयंपाक, पण भारतीय मसाल्यांच्या वळणाचा. नान, कुलचे आणि सोबत चटण्या-लोणच्यांच्या वाट्या. काचेपलीकडे कुरणात जिराफ, झेब्रे फिरतात. ते बघायचे तर उजेड हवा. जूनमध्ये तिथे सूर्य सव्वाआठनंतर मावळतो, म्हणून साडेपाचचे टेबल घेतले. धारवाडच्या माझ्या आव्वाचा फोनवर नेहमीचा प्रश्न, "ऊट आतेन?" 'नान आणि लोणचे' म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

पुतणीला सिंड्रेलाच्या किल्ल्यातले जेवण हवे होते. तिथे माणशी ठरलेली रक्कम घेतात आणि दहा वर्षांपुढचे मूल मोठ्यांत धरतात. आमची थोरली अकराची. आठ जणांचा आकडा काढला आणि तो बेत मी मोडला. किल्ला बाहेरूनही चांगला दिसतो.

शाकाहारी वाचकांसाठी आणखी एक. खाद्ययादीत पानाची खूण असलेल्या पदार्थात मांस-अंडे नसतेच, पण दूध आणि मधही नसतो. दहीभातावर वाढलेल्यांनी खुणेवर न थांबता वाढणाऱ्याला विचारावे, ते नीट सांगतात. हवे ते टेबल ६० व्या दिवशी मिळाले नाही, तर जेवणाच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहावे. बऱ्याच ठिकाणी दोन तास आधीपर्यंत फुकट रद्द करता येत असल्याने सुटलेली टेबले सापडतात. न कळवता गेलो नाही तर बहुतेक ठिकाणी माणशी १० डॉलर कापतात. आणि सहा किंवा जास्त माणसे असतील तर बिलात १८ टक्के टीप आधीच धरलेली असते. खाली टिपेसाठी पुन्हा एक रिकामी ओळ असते, ती तशीच सोडली तरी चालते.