वाचलेलं नको

देवघेवीच्या टेबलावर दिवसभर एकच मागणी वेगवेगळ्या आवाजांत येते. “काहीतरी चांगलं द्या मॅडम, वाचलेलं नको.” तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाची मी ग्रंथपाल. आमच्याकडे पुस्तकं टेबलामागच्या कपाटांत असतात. सभासदांनी यादीतून क्रमांक शोधून चिठ्ठीवर लिहून द्यावेत, अशी जुनी पद्धत आहे. पण यादी कुणी उघडत नाही. लोक पुस्तक ‘बदलायला’ येतात, जुनं टेबलावर ठेवतात आणि माझ्याकडे बघतात. मुक्तद्वार नसलेल्या वाचनालयात टेबलापलीकडचा माणूस काय काढून देतो, यावर एखाद्याचा पुढचा आठवडा ठरतो. हे काम मला जगातल्या सगळ्या कामांहून मोलाचं वाटतं.

ते कसं करायचं हे मला पहिल्यांदा शिकवलं पेन्सिलीच्या खुणांनी. जुने सभासद वाचून झालेलं पुस्तक पुन्हा घरी जाऊ नये म्हणून आपापल्या ठरलेल्या पानावर बारीक खूण करून ठेवतात. कुणाचं एकविसाव्या पानावर टिंब, कुणाची पान क्रमांकाखाली आडवी रेघ, एका आजींचं शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात इवलंसं फूल. पुस्तकावर लिहू नये अशी पाटी भिंतीवर आहे, तरी या खुणा मी खोडत नाही. परत आलेलं पुस्तक कपाटात लावण्याआधी मी ती पानं उलटून बघते. टिंब आणि फूल बऱ्याच पुस्तकांत जोडीनं दिसतात. म्हणजे या दोघांची आवड जुळते, आणि ज्या पुस्तकात नुसतं टिंब आहे ते फुलाच्या आजींना बेधडक द्यावं. दोघांची एकमेकांशी ओळख नाही, पण एकाचं वाचन दुसऱ्याच्या कामी येतं.

खुणा सांगतात कुणाला काय आवडेल. का आवडेल हे मात्र विचारावंच लागतं. त्या बाबतीत मी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांना गुरू मानते. १९९८ मध्ये साऱ्या शहरानं एकच पुस्तक वाचावं असा उपक्रम त्यांनी सुरू केला आणि पुढे तो किती तरी गावांनी उचलला. ‘बुक लस्ट’ हे त्यांचं शिफारशींचं पुस्तक २००३ साली आलं, मुलांसाठीचं ‘बुक क्रश’ २००७ साली. त्यांचं म्हणणं असं, की पुस्तकात शिरायला चार दारं असतात: गोष्ट, माणसं, जागा आणि भाषा. प्रत्येक वाचकाचं आवडतं दार ठरलेलं असतं, आणि पुस्तक सुचवणाऱ्यानं विषय न बघता ते दार ओळखावं.

मराठी कपाटांना हे तंतोतंत लागू पडतं. निवृत्त झालेले एक आजोबा ‘मृत्युंजय’ आणि ‘स्वामी’ संपवून आले. “असंच ऐतिहासिक द्या.” मी विचारलं, ‘स्वामी’तलं काय लक्षात राहिलं? त्यांना ना लढाया आठवल्या, ना दरबार. ते बराच वेळ बोलले ते माधवराव आणि रमाबाईंबद्दल. मी इतिहासाच्या कपाटाकडे गेलेच नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढून दिली. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि त्या घटनेनं उभा चिरलेला संसार या बाईंनी इतक्या निर्मळ मनानं आणि खट्याळपणे सांगितला आहे की मराठीत त्याला तोड नाही. आठवड्यानं आजोबा आले ते पुस्तकाची मुदत वाढवायला. आता घरात आजी वाचत होत्या. आजींसाठी मी सुनीताबाई देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ बाजूला काढून ठेवलं.

मुलांच्या बाबतीत आधी आईवडिलांशी बोलावं लागतं. “संस्कार होतील असं काहीतरी द्या” असं ते म्हणतात आणि सहावीतली मुलगी खिडकीबाहेर बघत असते. ‘श्यामची आई’ थोर पुस्तक आहे, साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. पण वाचनाची गोडीच न लागलेल्या मुलीच्या हातात ते सक्तीनं देणं हा त्या पुस्तकावरही अन्याय आहे. अशा मुलीला मी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे देते. फुरसुंगीचा हा काडीपैलवान पोरगा जिभेनं ‘ट्टॉक’ असा आवाज काढतो आणि पहिल्या पानापासून संकटात उडी घेतो. नुकतं अक्षर लावायला लागलेल्यांना माधुरी पुरंदरे द्याव्यात. त्यांच्या पुस्तकांत शब्द आणि चित्रं एकाच हातची असतात, आणि मुलं चित्रातल्या स्वयंपाकघरातल्या वस्तू मोजत बसतात. थोडी मोठी, एकटी एकटी असणारी मुलं असतात. त्यांच्यासाठी प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’. त्यातला लंपन जसा विचार करतो तसाच आपणही करतो, हे कळलं की ती मुलं ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ अशी ओळीनं नेतात.

नववी-दहावीची मुलं भुताचं मागतात. ‘तुंबाड’ पाहून आलेल्यांना मी सांगते, की या सिनेमामागे नारायण धारपांच्या गोष्टीची प्रेरणा आहे. मग धारपांचं कपाट महिनाभर रिकामं. भयकथा, रहस्यकथा ही हलकी पुस्तकं, ती वाचनालयानं देऊ नयेत, असं म्हणणारे अजून भेटतात. मला ते पटत नाही. गोष्टीच्या दारानं आत येणाऱ्या मुलाला गोष्टच द्यावी. धारप संपले की त्याच मुलाला मी जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ देते आणि सोबत एक खरी हकीकत सांगते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं कथा पाठवली. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून हे नाव केलं होतं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीच्या हस्ताक्षरात उतरवून घेतली होती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. इतक्या मोठ्या शास्त्रज्ञानं टोपणनावानं स्पर्धेत उतरावं, हे ऐकलं की पोरं पुस्तक हातातून सोडत नाहीत.

आमच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं सकाळी डबा घेऊन येतात, रात्री दिवे मालवताना उठतात. वर्षानुवर्षं याच इमारतीत बसतात, पण खालच्या कपाटांकडे फिरकत नाहीत. अवांतर वाचायला वेळ नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. त्यांच्यासाठी माझं ठरलेलं पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांचं ‘बनगरवाडी’. पातळ आहे, एका रविवारी संपतं. एक तरणा मास्तर पहिल्या नेमणुकीवर पहाटेच्या अंधारात माळ तुडवत धनगरांच्या वाडीला निघतो, तिथे त्याचं कुणी नाही, आणि शाळेत पोरं नाहीत. पहिल्या नोकरीची वाट बघणाऱ्याला त्या मास्तराबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही. असाच एक मुलगा पुस्तक परत देताना विचारत होता, “ताई, ह्यांचं अजून काय आहे?” मी ‘माणदेशी माणसं’ दिलं, आणि ते झाल्यावर ‘सत्तांतर’, वानरांच्या टोळ्यांची ती अद्भुत कादंबरी.

पर्लबाईंचा आणखी एक नियम मी सगळ्यांना सांगते. पुस्तकाला पन्नास पानं द्यावीत. तोवर मन लागलं नाही तर खुशाल मिटावं. वय पन्नाशीपुढे गेलं असेल तर शंभरातून वय वजा करावं आणि उरतील तितकीच पानं द्यावीत. आपल्याकडे घेतलेलं पुस्तक संपवलंच पाहिजे असं लोकांना वाटतं, आणि न आवडलेलं एक पुस्तक दोन-दोन महिने उशाशी पडून राहतं. तेवढ्यात वाचायची सवय मोडते. ब्याऐंशी वर्षांच्या एका आजींना मी हा हिशोब सांगितला: अठरा पानं. त्या दिवसापासून त्या एका वेळी दोन पुस्तकं मागतात. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ त्यांनी अठराव्या पानावर सोडलं नाही. भाषेच्या दारानं आत जाणाऱ्यांसाठी ते माझं पहिलं पुस्तक आहे, आणि दुसरं बहिणाबाईंची गाणी. ज्या बाईला लिहितावाचता येत नव्हतं, तिच्या ओव्या मुलानं टिपून ठेवल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या छापल्या गेल्या. डोळ्यांनी साथ सोडलेल्या आजी त्या नातीकडून वाचून घेतात आणि मधेच तिला थांबवून पुढची ओळ स्वतः म्हणतात.

आपल्या धंद्याचे पाच नियम शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ सालीच लिहून ठेवले. ते मूळचे गणिताचे शिक्षक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. दुसरा नियम, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. वर सांगितलं ते सगळं या एका नियमाचं पालन. तिसरा नियम मला जास्त छळतो: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. दुपारी गर्दी ओसरली की मी कपाटातलं एखादं पुस्तक उघडून मागच्या तारखांच्या चिठ्ठीवरचा शेवटचा शिक्का बघते. किती तरी चांगली पुस्तकं वर्षानुवर्षं कुणी नेलेली नसतात.

गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ त्यातलं एक. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट दक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे निघाले, १८५७ च्या धामधुमीत सापडले, झाशीचा वेढा शहरात राहून त्यांनी डोळ्यांनी पाहिला, आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतले. १९०७ मध्ये पुस्तक छापलं गेलं. ते इतिहासाच्या कपाटात असतं म्हणून कुणाचा हात तिकडे जात नाही. यंदा काशीयात्रेला निघालेल्या एक काकू गाडीत वाचायला ‘काहीतरी हलकंफुलकं’ मागत होत्या. त्यांना नेहमी प्रवासवर्णनंच आवडतात, म्हणजे जागेच्या दारातल्या. मी हे दिलं आणि पहिली दहा पानं भाषा जरा जुनी वाटेल, तेवढी सोसा, असं बजावून सांगितलं. परत आल्यावर त्यांनी यात्रेबद्दल थोडं आणि झाशीबद्दल खूप सांगितलं. सध्या पुस्तक त्यांच्या भावाकडे आहे, त्यानंतर त्यांच्या भिशीतल्या मैत्रिणीचा नंबर. बांधणी सुटत आली आहे, तेव्हा परत आलं की आधी बांधणीला पाठवायचं, आणि यंदाच्या खरेदीच्या यादीत मी त्याच्या आणखी दोन प्रती लिहिल्या आहेत.