बोरन्हाण आणि जपानातील दाणेफेक

मकरसंक्रांत जवळ आली की रत्नागिरीच्या बाजारात बोरांच्या पाट्या दिसू लागतात. कोकणच्या तांबड्या मातीवर आंबा-काजूचे राज्य. बोर हे कोरड्या मुलखाचे फळ, आणि ते बहुधा घाट उतरूनच येते. तथापि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत, ज्या घरी लहान मूल आहे, त्या घरी बोरांवाचून चालत नाही. मुलाला काळे कपडे शिवावयाचे, हलव्याचे दागिने घालावयाचे, पाटावर बसवून औक्षण करावयाचे, आणि मग बोरे, उसाचे तुकडे, भुईमुगाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, हलवा व कुरमुरे यांचा त्याच्या मस्तकावरून वर्षाव करावयाचा, हेच बोरन्हाण. भोवती जमलेली बाळगोपाळ मंडळी सांडलेला खाऊ वेचण्यासाठी झेपावते, आणि मधोमध बसलेले मूल कधी हसते, कधी कावरेबावरे होऊन रडू लागते. मुलाच्या पहिल्या संक्रांतीपासून पाचव्या वर्षापर्यंत हा संस्कार करण्याची चाल आहे. अलीकडे तो घराचा उंबरठा ओलांडून बालवाड्यांतही शिरला आहे.

ऋतूच्या संधिकालात लहान मुलाला मध्ये घेऊन धान्याचा वर्षाव करण्याची कल्पना आपल्याच लोकांना सुचली असे मात्र नाही. पूर्वेकडे दूर जपानात ‘सेत्सुबुन’ नावाचा सण आहे. या शब्दाचा अर्थच मुळी ऋतूंची वाटणी, म्हणजे ऋतुसंधी. जपानी पंचांगाप्रमाणे वसंताचा आरंभ होण्याच्या आदल्या दिवशी, बहुधा ३ फेब्रुवारीस, हा सण येतो. क्वचित तो एक दिवस अलीकडे सरकतो. २०२१ साली तो २ फेब्रुवारीस आला, आणि असा योग १८९७ नंतर प्रथमच आला होता. २०२५ सालीही सेत्सुबुन २ फेब्रुवारीस व रथसप्तमी ४ फेब्रुवारीस होती. म्हणजे इकडे बोरन्हाणाचे दिवस सरत असताना तिकडे दाणे उधळले जात होते.

या सणाचा विधी साधा व मोठा गमतीचा आहे. सोयाबीनचे दाणे भाजून लाकडी मापात भरून ठेवतात. दाणे भाजलेलेच असावे लागतात, कारण फेकलेल्या दाण्याला मागाहून कोंब फुटणे अशुभ मानले जाते. घरातील कोणी वडील माणूस शिंगे असलेल्या राक्षसाचा मुखवटा चढवतो. मुले त्याच्यावर दाणे फेकतात, राक्षसाने बाहेर जावे आणि भाग्याने घरात यावे असा घोष करतात, आणि शेवटी तो राक्षस पळ काढतो. त्यानंतर ज्याने त्याने आपल्या वयाच्या वर्षांइतके दाणे मोजून खावयाचे. काही ठिकाणी पुढील वर्षाचा म्हणून एक दाणा अधिक. उत्तरेकडील होक्काइदो बेटावर तर सोयाबीनऐवजी भुईमुगाच्या शेंगाच फेकतात. हे ऐकून कोकणातील गृहिणीला परकेपणा वाटण्याचे कारण नाही.

जपानात पहिले शासकीय बालोद्यान १८७६ साली टोकियो येथील स्त्री-शिक्षिका विद्यालयाला जोडून निघाले. आज तेथील बालोद्यानांत सेत्सुबुन हा वर्षातील एक ठळक दिवस असतो. मुले आधीच कागदाच्या पिशव्या रंगवून मुखवटे तयार करतात. शिक्षिका त्यांना विचारते, ‘तुझ्या पोटात कोणता राक्षस दडला आहे?’ कोणी सांगतो रडका, कोणी सांगतो हट्टी, कोणी सांगतो भाजी न खाणारा. मग त्या राक्षसाला हाकलून लावण्याची प्रतिज्ञा होते. आपण तिळगूळ देऊन गोड बोलण्याची मागणी करतो, जपानी मूल कडू स्वभावाला दाणे मारून घालवते. मार्ग दोन, हेतू एकच.

परंतु या आनंदाला अलीकडे एका दुःखाची किनार लागली. ३ फेब्रुवारी २०२० रोजी शिमाने प्रांतातील मात्सुए शहरी, एका बालसंस्थेत हा सण चालू असताना चार वर्षांच्या एका मुलाच्या घशात सोयाबीनचा दाणा अडकला आणि त्यात त्याचा अंत झाला. पुढील वर्षी, २०२१ च्या सेत्सुबुनापूर्वी, जपान सरकारच्या ग्राहकविषयक खात्याने पालकांना बजावून सांगितले की, पाच वर्षांच्या व त्याखालील मुलांना कठीण भाजके दाणे किंवा कठीण कवचाची फळे खावयास देऊ नयेत. दाणे फेकावयाचेच असतील तर लहान पुड्यांत बंद करून फेकावेत, आणि मागाहून जमीन नीट झाडून घ्यावी.

येथे श्रोत्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बोरन्हाणाची वयोमर्यादा पाच वर्षे, आणि कठीण दाण्याच्या धोक्याची मर्यादाही पाच वर्षे. म्हणजे ज्या बालकांसाठी हा सोहळा, नेमकी त्यांनाच बोराची आठळी, शेंगदाणा, सुका हरभरा आणि हलव्याचा कठीण मणी घातक ठरू शकतो. याचे कारण शरीररचनेत आहे. दुधाच्या दाढा तिसऱ्या वर्षाच्या सुमारास पुऱ्या येतात खऱ्या, पण पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते, आणि तोवर कठीण दाणा नीट दळण्याचे बळ व सवय मुलाला नसते. त्याची श्वासनलिका जवळजवळ त्याच्याच करंगळीएवढी बारीक असते. तोंडात दाणा असताना मूल खदखदून हसले, धावले किंवा हुंदका देऊन रडले, तर आत ओढलेल्या श्वासाबरोबर दाणा भलत्याच वाटेने उतरतो. तेथील ओलाव्याने तो फुगतो आणि वाट अधिकच कोंडते. हसणे, धावणे आणि रडणे या तिन्ही गोष्टी बोरन्हाणाच्या वेळी एकदमच चालू असतात, हे निराळे सांगावयास नको.

यावर घरातील वडीलधारी स्त्री साहजिकच विचारील, ‘बोरांवाचून बोरन्हाण ते कसले?’ प्रश्न रास्त आहे. पण बोरन्हाणाचा हेतू जुन्या बायका सांगतात तो असा की, ऋतुपालटाची बाधा मुलाला होऊ नये आणि नव्या ऋतूच्या फळांशी त्याची ओळख व्हावी. जो संस्कार मुलाच्या आरोग्यासाठी योजला, तोच त्याच्या जिवावर बेतू देणे हे संस्काराला धरून होत नाही. शिवाय या वर्षावात आता गोळ्या, बिस्किटे आणि चॉकलेटेही आली आहेत. नवे घेण्याची मुभा ज्या रूढीने दिली, ती अपायकारक तेवढे वगळण्याचीही देईल.

मग करावे काय? यासाठी महाराष्ट्रातच थोर उदाहरण आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे कार्य सुरू केले, आणि अनुताई वाघ यांनी ते त्यांच्यासह पुढे चालवले. महागड्या साहित्यावाचून अडून न राहता खडे, शिंपले, पाने, फुले, बिया अशा परिसरातील वस्तूंनाच त्यांनी शिक्षणाची साधने बनवले. मुलाने स्वतःच्या हातांनी करावे, हे त्या पद्धतीचे मर्म होते. तोच दृष्टिकोन बोरन्हाणाला लावता येतो.

आठवडाभर आधी मुलांना जुन्या वर्तमानपत्राचे मुठीएवढे गोळे करून रंगवू द्यावेत, आणि सर्वांसाठी सारखेच कागदी मुकुट करावेत. हलव्याचे दागिने ज्याला परवडतील त्याच्याच अंगावर दिसले, तर उरलेल्या मुलांचा सण तेथेच फिका पडतो. एके दिवशी प्रत्येकाच्या हाती अख्खे बोर देऊन त्याचा रंग, वास व गुळगुळीतपणा पारखू द्यावा, आणि ते कापून आतील आठळी दाखवावी. मात्र बोरे मोजून द्यावीत व मोजून परत घ्यावीत. प्रत्यक्ष वर्षाव झेंडूच्या पाकळ्या, कागदी गोळे आणि कुरमुरे यांचा करावा. नंतर जपानी मुलांप्रमाणे वयाची गणना करावी. तीन वर्षांच्या मुलाने तीन गोळे वेचावेत, चारच्याने चार. खेळता खेळता अंकज्ञान होते. खाऊ मात्र बसवून, शांतपणे, वडील माणसाच्या देखत द्यावा. आठळी काढलेल्या बोराच्या बारीक फोडी किंवा दाण्याचे कूट घातलेला मऊ लाडू चालेल. जे मूल घाबरते त्याला पाटावर बळेच बसवू नये. ते आईच्या मांडीवरून दुसऱ्यांवर पाकळ्या उधळील, आणि पुढल्या वर्षी आपण होऊन पाटावर बसेल.

इतके करूनही प्रसंग आला तर काय करावे, हे प्रत्येक घरी ठाऊक असावे. मूल जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाज बंद झाला, ओठ काळेनिळे पडू लागले, तर त्याला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीवर तळहाताने पाच जोरदार थापा माराव्यात. तेवढ्याने न भागल्यास, एक वर्षावरील मुलाच्या मागे राहून बेंबीच्या किंचित वर मूठ धरून पाच वेळा आत व वर दाब द्यावा, आणि वस्तू निघेपर्यंत हे आळीपाळीने चालू ठेवावे. एक वर्षाखालील तान्ह्याचे पोट दाबू नये. त्याला हातावर पालथे, डोके खाली करून थापा माराव्यात, आणि मग उताणे करून छातीच्या मध्यभागी दाब द्यावा. दिसत नसलेली वस्तू काढण्यासाठी घशात बोट घालू नये, ती अधिक आत जाते. दुसऱ्या कोणी तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ठसका लागून गेल्यावर मूल बरे दिसले, पण खोकला किंवा घरघर मागे राहिली, तरीही वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. कारण दाण्याचा तुकडा फुप्फुसाच्या नळीत राहू शकतो आणि साध्या क्ष-किरण चित्रात तो बहुधा दिसत नाही.

मात्सुएच्या त्या घटनेनंतर जपान्यांनी आपला सण टाकला नाही. कित्येक बालोद्यानांत आता मुले राक्षसावर कागदाचे गोळे फेकतात, आणि राक्षस पूर्वीइतक्याच तत्परतेने पळतो. रत्नागिरीतील पाटावर बसलेल्या मुलाच्या मस्तकावरून बोरांऐवजी झेंडूच्या पाकळ्या ओघळल्या, तरी ओवाळणाऱ्या आजीचा आशीर्वाद उणा होणार नाही. बोरेही कोठे जात नाहीत. मूल सहा-सात वर्षांचे झाले की पाटीतले बोर स्वतः निवडील, आणि आठळी थुंकून टाकण्याची कला शेजारच्या मुलांकडून शिकेल.