लाट एवढी मोठी होते कशी?

जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणावर वारा सुटला की लाटा उठतात, पण वाढण्याआधीच काठाला लागतात. वाऱ्याला धावायला जागाच कमी! अरबी समुद्रावर मात्र पावसाळी वारा आफ्रिकेच्या बाजूने येताना शेकडो किलोमीटर पाण्याला ऊर्जा देत राहतो. खोल समुद्रात पाणी फारसे पुढे सरकत नाही. वाऱ्यावर ज्वारी डोलते, ताटे जागीच राहतात, तसे. पुढे जाते ती ऊर्जा, आणि लाटेची उंची दुप्पट झाली की ही ऊर्जा चौपट होते! किनाऱ्याजवळच्या उथळ तळाने लाट मंदावते, ऊर्जा दाटते, लाट उंचावून फुटते. पोर्तुगालमधल्या नाझारेला समुद्रतळाची दरी लाटांना एकवटते. तिथे २०२० साली सर्फर सेबास्टियन स्टॉइटनर २६.२१ मीटर उंच लाटेवर स्वार झाला. केवढे हे धाडस!